फवारणी येण्याआधी मधमाश्यांना काय खाऊ घालाल?

कांद्याच्या बियाण्याच्या शेतात पहिल्यांदाच पेट्या ठेवलेल्या मधपाळाचा फोन साधारण फेब्रुवारीच्या मध्यावर येतो. "भाऊ, शेजारच्या वावरात काल पंप फिरला. सकाळपासून पेटीपुढं माश्यांचा सडा पडलाय. आता त्यांना काय खाऊ घालू?" मी पाक द्यायला सांगतो, परागाची वडी द्यायला सांगतो, रातोरात पेट्या हलवायला सांगतो. पण जीव हळहळतो, कारण खाऊ घालायची खरी वेळ डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होती आणि ती हातची गेलेली असते.

हा लेख नव्याने मधमाशीपालन सुरू करणाऱ्यांसाठी आहे आणि तो त्या डिसेंबरबद्दल आहे. उदाहरणं आमच्या बुलढाणा-जालना पट्ट्यातल्या कांदा बीजोत्पादनाची घेतली आहेत, कारण माझं रोजचं काम तेच. तुमच्याकडे डाळिंब असेल, आंबा असेल, सूर्यफूल असेल. तारखा बदलतील, हिशेब तोच राहील.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. खुराक म्हणजे चिलखत नव्हे. फुलांवर माश्या बसलेल्या असताना भर उन्हात फिप्रोनिल किंवा क्लोरपायरिफॉस अंगावर पडलं, तर उत्तम पोसलेली वसाहतसुद्धा मरते. खुराकाचा उपयोग होतो तो लहान मात्रेत: मकरंदातून, परागातून, पानावरच्या थेंबातून रोज थोडं थोडं विष पोटात जातं तेव्हा. असं विष सड्यासारखं डोळ्यांत भरत नाही. पेटी हळूहळू हलकी होत जाते, बाहेर गेलेल्या माश्या परत येत नाहीत, आणि महिन्याभराने आपण म्हणतो की राणीच खराब होती.

विष पचवतं कोण?

माशीच्या आतड्यात आणि पोटाच्या आतल्या अंगाला असलेल्या चरबीच्या पांढुरक्या थरात विष फोडून निकामी करणारी विकरं असतात. त्यातला मोठा गट सायटोक्रोम पी-४५० या नावाने ओळखला जातो. २००६ मध्ये मेलीफेरा मधमाशीचा (पेट्यांत पाळली जाणारी मूळची परदेशी माशी) जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा तिच्यात या गटाची जनुकं फक्त ४६ सापडली. मलेरिया पसरवणाऱ्या डासात ती शंभराहून जास्त आहेत. म्हणजे विष पचवायची हत्यारं आपल्या माशीकडे मुळातच कमी आहेत. जी आहेत ती धारदार ठेवणं एवढंच आपल्या हातात उरतं.

ती धार येते खाण्यातून. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की परागकणाच्या कवचात असणारं पी-कूमॅरिक आम्ल माशीच्या पोटात गेलं, की विष फोडणारी जनुकं जागी होतात. माइटवर (माश्यांवर जगणाऱ्या बारीक परोपजीवी किड्यावर) वापरल्या जाणाऱ्या कूमाफॉस या औषधाचं पचन त्यामुळे सुमारे ६० टक्क्यांनी वाढलं. मधातही थोडा पराग असतोच, म्हणून हे आम्ल मधात असतं. साखरेच्या पाकात नसतं. ही एक ओळ नव्या माणसाने पेटीच्या झाकणावर लिहून ठेवावी इतकी महत्त्वाची आहे. साखर पोट भरते, पण विष पचवायची यंत्रणा चालू करत नाही.

दुसरी बाजू प्रथिनांची. कोषातून बाहेर आल्यावर पहिले आठ-दहा दिवस तरुण माशी पराग भरपूर खाते. त्यातून तिचा चरबीचा थर भरतो, अळ्यांना पाजायचं दूध तयार होतं. पुढं ती फुलांवर जायला लागली की पराग खाणं जवळजवळ थांबतं. पायाला परागाच्या गोळ्या बांधून आणते ती माशी, पण स्वतः जगते मधावर आणि लहानपणी साठवलेल्या शिदोरीवर. विषाशी सर्वांत जास्त गाठ पडते ती याच माशीची.

१. कॅलेंडर उलटं मोजा

अंडं घातल्यापासून मेलीफेराची कामकरी माशी बाहेर यायला २१ दिवस लागतात, सातेरीत (आपली देशी माशी) एक-दोन दिवस कमी. बाहेर आल्यावर साधारण तीन आठवडे ती पेटीतली कामं करते, मग फुलांवर जाते. एकूण सहा आठवडे. कांद्याचे गोंडे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात उमलणार असतील, तर त्या दिवशी शेतात उतरणारी माशी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अंडं होती. तिचं अळीपण आणि तरुणपण डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेर या काळात गेलं. त्या पाच आठवड्यांत पेटीत पराग होता की नव्हता, यावर तिची शिदोरी ठरते.

हे मला पुस्तकाआधी नुकसानीने शिकवलं. माझ्या तिसऱ्या हंगामात मी वीस पेट्या एकाच कांदा प्लॉटवर नेल्या होत्या. त्यातल्या आठ डिसेंबर-जानेवारीत मोहरी आणि धन्याच्या शेतांजवळ होत्या. बारा पेट्या वाहतुकीचा खर्च वाचवायला घरामागेच ठेवल्या होत्या, साखरेच्या पाकावर. वजनाला त्या बारा पेट्या जड होत्या, मला वाटलं त्याच चांगल्या. फवारा सगळ्यांना सारखाच बसला. मोहरीवरून आलेल्या आठही पेट्या महिन्याभरात सावरल्या. पाकावरच्या बारांपैकी पाच संपल्या आणि उरलेल्या मे महिन्यापर्यंत उठल्या नाहीत. वीस पेट्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण त्या पाच रिकाम्या पेट्या धुऊन उन्हात ठेवताना जे वाटलं, ते आजही विसरलो नाही.

तेव्हा वहीत पहिली नोंद करायची ती ही: फुलोरा कधी, त्याच्या सहा आठवडे आधीची तारीख कोणती, आणि त्या तारखेला माझ्या पेट्या कुठे असतील.

२. पेटीचं पोट वाचायला शिका

नवा माणूस पेटी उघडतो आणि राणी शोधतो. राणीला राहू द्या. ताजी अंडी दिसली म्हणजे राणी आहे. तुम्ही अळ्या बघा.

मधली फ्रेम उचला. सूर्याकडे पाठ करून उभे राहा, म्हणजे ऊन खांद्यावरून थेट घरांच्या तळाशी पडेल. चंद्रकोरीसारखी वळलेली लहान पांढरी अळी शोधा. पोट भरलेल्या वसाहतीत ही अळी दुधात पडल्यासारखी दिसते. तिच्याभोवती पांढरट, चमकणारं द्रव असतं आणि फ्रेम किंचित हलवली की ते लकाकतं. खुराक कमी असेल तर अळी कोरड्या घराच्या बुडाला चिकटलेली दिसते. कोरडी अळी दिसली म्हणजे दाई माश्यांच्या अंगात दूध नाही, आणि दूध नाही म्हणजे पराग नाही. आणखी आठवडा गेला की माश्या अंडी-अळ्या खायला लागतात आणि झाकलेल्या घरांमध्ये मोकळी भोकं दिसतात.

मग अळ्यांच्या कडेने बघा. चांगल्या फ्रेमवर मध्ये अंडी-अळ्या, त्यांच्या भोवती परागाची कमान आणि वरच्या कोपऱ्यांत मध असतो. परागाची कमान निदान दोन-तीन बोटं रुंद असावी. एका परागभरल्या घरात आगपेटीची काडी घालून थोडा पराग उकरून बघा. माश्या पराग थरावर थर दाबून ठेवतात, त्यामुळे पिवळा, केशरी, मळकट पांढरा असे थर काडीला लागून येतात. थर एकाच रंगाचे असतील तर तुमच्या माश्या एकाच ताटात जेवताहेत.

रोज पेटी उघडायची नाही, त्याने माश्यांना त्रास होतो. त्याऐवजी सकाळी नऊच्या सुमाराला दहा मिनिटं पेटीच्या बाजूला बसा. समोर नको, येण्याजाण्याची वाट अडते. पायाला गोळ्या बांधून येणाऱ्या माश्या मोजा आणि गोळ्यांचे रंग मोजा. मोहरीचा पिवळा, सूर्यफुलाचा केशरी, मक्याचा फिकट. तीन-चार वेगवेगळे रंग दिसले की मी निश्चिंत होतो. एकच रंग दिसला की शोधाशोध सुरू करतो.

३. फुलं शोधा, आणि एकाच फुलावर भिस्त ठेवू नका

पराग म्हणजे पराग, असं नसतं. एखाद्या झाडाच्या परागात प्रथिनं दहा टक्क्यांच्या आसपास असतात, एखाद्यात तीस टक्क्यांच्या वर. माशीला लागणारी दहा अमिनो आम्लं, स्निग्ध पदार्थ, स्टेरॉल हे सगळं एका झाडात क्वचितच पुरेसं मिळतं. मक्याचा पराग पोतंभर येतो, पण निकृष्ट असतो. सूर्यफुलाचाही प्रथिनांना कमीच. एकात जे नसतं ते दुसऱ्यात असतं, म्हणून मिश्र पराग.

कांद्याची अडचण तर वेगळीच आहे. त्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं आणि माश्यांना तो फारसा आवडत नाही. म्हणून बीजोत्पादक एकरी जास्त पेट्या मागतात आणि आजूबाजूची मोहरी काढून टाका म्हणतात, नाहीतर माश्या तिकडे पळतात. त्यांचं गणित त्यांच्या जागी बरोबर आहे. पण आपण आधीच भुकेली वसाहत तिथे नेली, तर तिच्यापुढे न आवडणारं एकच ताट आणि त्यावर फुलकिड्यांसाठी फवारा अशी स्थिती होते.

आमच्या भागात वर्षाचं ताट मी असं मांडतो. पावसाळ्यात तीळ, भोपळा-दोडक्यासारखे वेल, बाभूळ, बाजरी. सप्टेंबर-ऑक्टोबरात बोर आणि कारळा. मग तूर. डिसेंबर-जानेवारीत मोहरी, धने, ओवा, जानेवारीच्या मध्यापासून करडई. शेवगा जिथे असेल तिथे सोन्यासारखा, कारण तो वर्षातून एकाहून जास्त वेळा फुलतो. उन्हाळ्यात कडुनिंब, जांभूळ, करंज, चिंच. पेट्या ठेवायची जागा निवडताना मोटारसायकलने दोन किलोमीटरची फेरी मारा आणि काय काय उभं आहे ते वहीत लिहा. मेलीफेरा दोन-तीन किलोमीटर सहज जाते, सातेरीसाठी एक किलोमीटर धरा.

महाबळेश्वरच्या बाजूला सातेरी पाळणाऱ्यांकडे गेलो की मला त्यांचा हेवा वाटतो. २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं मांघर तिथलंच. जांभूळ, हिरडा, गेळा, आणि सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी. जंगलच त्यांच्या माश्यांना मिश्र जेवण वाढतं. आम्हा सपाटीवाल्यांना ते ताट हाताने मांडावं लागतं. माझ्या बांधावर मी शेवग्याची रांग आणि थोडी करंजाची झाडं लावली आहेत. धने आणि मोहरीच्या चार-चार ओळी पंधरा दिवसांच्या अंतराने पेरतो, म्हणजे फुलोरा एकदम संपत नाही. गुंठाभर धने वीस पेट्यांना पुरणार नाहीत, पण परागाच्या थरात एक रंग वाढतो.

इथे एक काळजी घ्या. पराग विष पचवायला मदत करतो आणि पेटीत विष येतं तेही परागातूनच. फवारलेल्या शेतातला पराग चांगला खुराक नव्हे. उत्तर अमेरिकेतल्या पेट्यांची तपासणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात पराग, मेण आणि माश्यांमध्ये मिळून १२१ प्रकारच्या कीडनाशकांचे आणि त्यांच्या अवशेषांचे अंश सापडले. माशीला विषाची चव कळून ती दूर राहील अशी आशा ठेवू नका. २०१५ मधल्या एका ब्रिटिश-आयरिश अभ्यासात इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम घातलेला साखरपाक माश्यांनी साध्या पाकापेक्षा जास्त पसंत केला. म्हणून फुलं शोधताना "कोणतं पीक" याबरोबर "त्यावर काय मारतात" हेही विचारायचं.

४. मध पेटीत राहू द्या

नवीन माणसाला पहिला मध काढायची घाई असते. ती आनंदाची घाई आहे, मी समजू शकतो. पण सगळा मध काढून बदल्यात साखर दिली, की आपण पी-कूमॅरिक आम्लासारखे पदार्थ काढून घेतले आणि कोऱ्या कॅलरी दिल्या. फवारणीच्या हंगामात जाणाऱ्या मेलीफेरा पेटीत मी झाकलेल्या मधाच्या निदान दोन-तीन फ्रेम सोडतो. सातेरीचा खालच्या पेटीतला मध तर कधीच काढत नाही.

उपाशी माशी आणि विष ही जोडी फार वाईट. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या २०१७ च्या प्रयोगात कमी साखर आणि निओनिकोटिनॉइडची (इमिडाक्लोप्रिडच्या गटातल्या कीटकनाशकाची) लहान मात्रा हे दोन्ही एकत्र आल्यावर माश्यांचं जगणं ५० टक्क्यांपर्यंत घटलं; दोन्हींच्या वेगवेगळ्या परिणामांच्या बेरजेहून हे जास्त होतं. म्हणून मध नसेलच तर पाक द्यायलाच हवा. उपाशी ठेवण्यापेक्षा साखर कितीतरी बरी.

पाक साध्या पांढऱ्या साखरेचा, साखर आणि पाणी वजनाने सारखं. पाणी उकळून खाली उतरवा, मग साखर विरघळवा. साखर घालून आटवत बसू नका, आणि लिंबू पिळू नका. आम्ल आणि उष्णता मिळून त्यात माशीला घातक द्रव्य तयार होतं. गूळ, काकवी देऊ नका, माश्यांना हगवण लागते. पाक संध्याकाळी, पेटीच्या आत, सगळ्या पेट्यांना एकाच दिवशी द्या. बाहेर थेंब सांडला तर पेट्यांमध्ये लुटालूट सुरू होते. आणि विकायचा मध भरत असेल तेव्हा पाक अजिबात नको.

५. परागाची वडी

पराग बाहेर मिळत नसेल तेव्हाच वडी. फुलं उभी असताना वडी दिली तर माश्या तिच्याकडे बघतही नाहीत.

बाजारात तयार वड्या मिळतात, पण मी घरीच करतो. तेल काढलेलं, भाजून दळलेलं सोयाबीनचं पीठ तीन भाग, ब्रूअर्स यीस्ट एक भाग, दळलेली साखर चार भाग. जमेल तितका स्वतःच्या पेट्यांचा पराग, निदान एक भाग. घट्ट पाक घालून पुरणासारखा गोळा मळायचा. अनेक जण दूध पावडर घालतात. मी घालत नाही, कारण दुधातली साखर माशीला पचत नाही. यीस्ट बेकरीतलं जिवंत नको, पोटात आंबतं.

यातला पराग हाच जीव आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्लोरपायरिफॉस दिलेल्या माश्यांपैकी पराग खाणाऱ्या माश्या कृत्रिम खुराकावरच्या माश्यांपेक्षा जास्त तगल्या. सोयाबीन प्रथिनं देतं, पण परागातली ती विकरं जागी करणारी द्रव्यं देत नाही. म्हणून ऑक्टोबरात कारळा आणि बोर भरात असताना मी मोजक्या सशक्त पेट्यांना आठवड्यातून दोन दिवस परागसापळा (माश्यांच्या पायावरच्या गोळ्या दारातच पाडून घेणारी जाळी) लावतो आणि तो पराग डबाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवतो. सापळा कायम लावून ठेवला तर त्याच पेटीचं तोंड मारलं जातं. विकतचा पराग वापरताना जपून. त्यातून पिलांचे रोग येतात. कापूस-सोयाबीनवर फवारे चालू असतात त्या दिवसांतला पराग तर साठवूच नका.

मेलीफेरा पेटीला शंभर ग्रॅमची चपटी वडी, सातेरीला चाळीस ग्रॅम पुरे. बटर पेपरवर थापून फ्रेमच्या वर, अळ्यांच्या बरोबर डोक्यावर ठेवा. चार इंच लांब ठेवली तरी दाई माश्या तिथवर येत नाहीत. चार-पाच दिवसांत संपली नाही तर उरलेली काढून टाका. दमट हवेत बुरशी येते आणि मेणकिडा शिरतो.

६. माइट आणि पाणी

वरोआ माइट माशीचा चरबीचा थर खातो. म्हणजे विष पचवणारा अवयवच खातो. मेलीफेरा पाळत असाल तर माइटचा बंदोबस्त नोव्हेंबरातच उरकून घ्या. फुलोऱ्याच्या तोंडावर पेटीत औषधी पट्टी लावू नका. ती औषधंही माशीला त्याच विकरांनी फोडावी लागतात आणि शेतातल्या विषासाठी बळ उरत नाही.

पेट्यांपासून पन्नास-शंभर फुटांवर स्वच्छ पाण्याचं पसरट भांडं ठेवा. त्यात खडे टाका, बसायला. पेट्या येण्याआधीच भरून ठेवा. एकदा माश्यांनी पंप धुतलेल्या डबक्याची वाट धरली की ती मोडणं कठीण.

७. पंपात काय जातंय ते विचारा

"फक्त करप्याचा फवारा आहे भाऊ, बुरशीनाशक आहे, माश्यांना काही होत नाही." त्या वीस पेट्यांच्या हंगामात मला आदल्या दिवशी हाच फोन आला होता. सांगणारा मनाने चांगला माणूस. पण मजुरी वाचावी म्हणून गड्याने त्याच पंपात फुलकिड्यांचं लॅम्बडा-सायहॅलोथ्रिनही ओतलं होतं.

टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल: नावाच्या शेवटी "कोनॅझोल" असलेली ही बुरशीनाशकं एकटी असताना माशीला फारशी मारक नसतात. पण ती नेमकी त्या पी-४५० विकरांनाच अडवतात. आपण सहा आठवडे खाऊ घालून जी हत्यारं धारदार केली, ती एका फवाऱ्यात म्यानात जातात. मग सोबतचं पायरेथ्रॉइड (लॅम्बडा-सायहॅलोथ्रिनच्या गटातलं कीटकनाशक) कैकपट भारी पडतं. २००४ मधल्या प्रयोगशाळेतल्या एका मापनात प्रोपिकोनॅझोल सोबत असताना ॲसिटामिप्रिड माशीला १०५ पट, आणि थायाक्लोप्रिड ५५९ पट जास्त विषारी ठरलं. ही दोन्ही कीटकनाशकं एरवी त्यांच्या निओनिकोटिनॉइड गटात माश्यांना सौम्य म्हणून ओळखली जातात. कोकणात आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे आणि भुरी यांचं औषध एकत्र मारतात, तिथेही हीच जोडी जमते.

म्हणून शेतकऱ्याला "काय मारणार" एवढंच विचारून थांबू नका. बाटल्यांचे फोटो मागवा. एका पंपात दोन औषधं जाणार का, शेजारी कधी मारणार, हे विचारा. लेबलवरच्या त्रिकोणाच्या रंगावर जाऊ नका. लाल, पिवळा, निळा, हिरवा ही वर्गवारी सस्तन प्राण्यांना किती विषारी यावर ठरते, माशीला किती यावर नाही. हिरवा त्रिकोण बघून मी स्वतः एकदा गाफील राहिलो आहे.

मागणी करताना सोपी करा. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उमलण्याआधी उरकावा. फुलोऱ्यात अगदीच गरज पडली तर सूर्य मावळल्यावर, एकच औषध, आणि मला दोन दिवस आधी निरोप. माश्या मेल्या तर बीही कमी भरतं, हे त्यालाही कळतं. आवाज न चढवता, त्याच्या ओट्यावर बसून, फुलोऱ्याच्या आधी बोललेलं तो ऐकतो.

८. तरीही फवारा झालाच तर

निरोप वेळेवर आला तर रात्री पेट्या तीन किलोमीटरच्या पलीकडे न्या. ते जमत नसेल तर रात्री दारं जाळीने बंद करा, पेटीवर ओलं पोतं टाका, आत हवा खेळती ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मोकळं करा. फेब्रुवारीच्या उन्हात यापेक्षा जास्त कोंडलं तर माश्या गुदमरून मरतात.

निरोप न येता सडा दिसला तर आधी फोटो आणि तारीख-वेळ. मग फ्रेम बघा. अळ्यांजवळ कालपरवाचा ताजा, सैलसर पराग असेल आणि तरुण माश्याही मरत असतील, तर विष पेटीत आलंय. दाई माश्या तोच पराग खाऊन अळ्यांना पाजत राहतील. त्या फ्रेम काढून घ्या, जागी साठवणीतल्या जुन्या, स्वच्छ परागाच्या आणि मधाच्या फ्रेम द्या. म्हणून डिसेंबरात प्रत्येक पाच पेट्यांमागे अशी एक फ्रेम बाजूला काढून ठेवायची सवय लावा. ती नसेल तर वडी आणि पातळ पाक. पेटीतली जागा कमी करा, उरलेल्या माश्या जेवढ्या फ्रेम झाकतात तेवढ्याच ठेवा. दोन पेट्या अगदी कमी उरल्या तर एकत्र करा. काढलेल्या परागाच्या फ्रेम दुसऱ्या पेटीला देऊ नका. पोळं कापून जाळा.

शिकायला एकटे बसू नका. महाबळेश्वरचं मध संचालनालय आणि पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था इथे प्रशिक्षण मिळतं. पेटी हातात घेण्याआधी ते करून घ्या.

मार्चच्या मध्याला कांद्याचे गोंडे वाळायला लागतात, तेव्हा मी पेट्या गाडीवर चढवतो आणि कडुनिंब जास्त असलेल्या नाल्याकाठी नेऊन ठेवतो. तिथे फवारा नसतो. पहिल्या दिवशी वडी देतो, चौथ्या दिवशी मधली फ्रेम उन्हात धरून अळीभोवतीचं दूध बघतो, आणि वहीत तारीख लिहितो. त्या दिवशी घातलेल्या अंड्यातली माशी सहा आठवड्यांनी, एप्रिलअखेर, करंजावर जाणार असते.